दीड लाख नेमके कुणाचे?

बीडच्या नगर रोडवर असो की छत्रपती संभाजीनगरात, इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये एक प्रसंग हमखास घडतो. केजहून किंवा गेवराईहून आलेलं कुटुंब गाडीत बसून बघतं. पोरं स्क्रीनवर बोटं फिरवतात. मागच्या सीटवरची आजी म्हणते, "चालू झाली का ही? आवाजच नाही की हिला." मग टेबलावर कोटेशन येतं. छापील रकाने, खाली ठळक अक्षरांत ऑन-रोड किंमत. ती वाचून घरच्या कर्त्याच्या कपाळाला आठी पडली, की सेल्समन खिशातलं पेन काढतो आणि कागदाच्या कोपऱ्यात, रकान्यांच्या बाहेर, एक आकडा लिहितो : १,५०,०००. "सर, हे सरकारकडून सुटतात."

कोणत्या सरकारकडून, कधी आणि कुणाला, हे त्या कोपऱ्यात लिहिलेलं नसतं. आणि गंमत अशी की आकडा खोटा नाही. उलट तो तीन वेगवेगळ्या ठिकाणी खरा आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तीन ठिकाणचे दीड लाख

पहिला दीड लाख दिल्लीचा. ५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी आयकर कायद्यात ८० ईईबी हे कलम आणलं. इलेक्ट्रिक गाडीसाठी बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं, तर त्यावरच्या व्याजापैकी वर्षाला दीड लाखापर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येईल, असं ते कलम. इथे 'उत्पन्नातून वजा' हे दोन शब्द महत्त्वाचे. दीड लाख हातात येत नाहीत, दीड लाखावरचा कर वाचतो. तोही व्याज तेवढं असेल तर.

हिशेब मांडून बघू. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो सुमारे २०,७५० रुपये. पहिल्या वर्षी व्याजापोटी जातात साधारण ८३ हजार. म्हणजे वजावट दीड लाखाची नाही, ८३ हजारांची. माणूस २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह कर वाचला सुमारे १७ हजार. पुढच्या वर्षी मुद्दल कमी झालेलं, व्याज कमी, बचतही कमी. कोपऱ्यातला दीड लाख असा आटत आटत सतरा हजारांवर येतो.

त्यातही मोठी अट तारखेची. हे कलम १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच आहे. गाडी कधी घेतली याला महत्त्व नाही, कर्ज मंजूर कधी झालं याला आहे. ज्यांचं कर्ज त्या खिडकीतलं, ते फिटेपर्यंत वजावट घेऊ शकतात. आज नवं कर्ज काढणाऱ्याला ही खिडकी बंद आहे. आणि वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली निवडली की ८० ईईबी नाही.

दुसरा दीड लाख मुंबईचा, पण जुना. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात चारचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे ५ हजार रुपये, कमाल दीड लाख, असं अनुदान होतं. लवकर घेणाऱ्यांना वर एक लाख. अडीच लाखांनी गाडी स्वस्त पडल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्या याच काळातल्या. हे अनुदान पहिल्या १० हजार गाड्यांपुरतं होतं आणि ते धोरण ३१ मार्च २०२५ ला संपलं.

तिसरा दीड लाख राज्याच्याच चालू धोरणातला. २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळानं नवं धोरण मंजूर केलं. मे महिन्यात शासन निर्णय निघाला. मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत, एकूण तरतूद १,९९३ कोटी. त्यात खासगी चारचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, पण कमाल दीड लाख, आणि तेही ठरावीक संख्येपुरतं. प्रवासी वाहतुकीच्या चारचाकीला हीच मर्यादा दोन लाखांची, दुचाकीला दहा हजारांची.

म्हणजे एक आकडा व्याजाच्या वजावटीचा, एक संपलेल्या अनुदानाचा आणि एक मोजक्या गाड्यांच्या अनुदानाचा. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सेल्समनच्या पेनातून मात्र तिघे एकाच वेळी उतरतात.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरलेला बरा. केंद्राची 'फेम' योजना किंवा तिच्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेली 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना घरच्या कारसाठी नाही. 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात चारचाकीला मदत होती ती व्यावसायिक वाहनांना. ई-ड्राइव्ह आणली गेली ती दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांच्यासाठी, खासगी कारसाठी नाही. शेजारच्याच्या स्कूटरला केंद्राचं अनुदान मिळालं म्हणून आपल्या कारलाही मिळेल, असं नाही.

न दिसणारी सवलत

मग इलेक्ट्रिक कारला खरी सवलत आहे कुठे? ती छापील रकान्यांतच असते. फक्त सवलत म्हणून दिसत नाही, कारण न घेतलेल्या कराची पावती कुणी फाडत नाही.

एकाच एक्स-शोरूम किमतीच्या दोन गाड्या घेऊ, प्रत्येकी १२ लाखांच्या. एक चार मीटरपेक्षा आखूड, १,२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची पेट्रोल गाडी. दुसरी इलेक्ट्रिक.

पेट्रोल गाडीच्या १२ लाखांत १८ टक्के जीएसटी दडलेला आहे. म्हणजे सुमारे १ लाख ८३ हजार रुपये. इलेक्ट्रिकच्या १२ लाखांत ५ टक्के, म्हणजे सुमारे ५७ हजार. हा पाच टक्क्यांचा दर १ ऑगस्ट २०१९ पासूनचा. आधी तो १२ होता. चार्जरवरचा करही त्याच दिवशी १८ वरून ५ वर आला.

आता पासिंग. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला मोटार वाहन कर असा : १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. आपली १२ लाखांची पेट्रोल गाडी बीडला एमएच २३ वर पास करा की अंबाजोगाईला एमएच ४४ वर, १ लाख ४४ हजार रुपये आरटीओत जाणार. इलेक्ट्रिकच्या त्या रकान्यात शून्य. नोंदणी शुल्कही माफ.

हे दोन रकाने एकत्र धरले तर पेट्रोल गाडीच्या मालकानं सुमारे ३ लाख २७ हजार कर भरला, इलेक्ट्रिकच्या मालकानं ५७ हजार. फरक पावणेतीन लाखांच्या आसपास. पेनानं लिहिलेल्या दीड लाखापेक्षा हा जवळजवळ दुप्पट आहे. आणि यासाठी अर्ज नाही, प्रतीक्षायादी नाही, फॉर्म १६ नाही.

मात्र हा फरक पूर्वी याहून मोठा होता. बीडकरांना सप्टेंबर २०२५ चा तो आठवडा लक्षात असेल. १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. त्यानंतर पाचच दिवसांनी, २२ तारखेला घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. लहान पेट्रोल गाड्या उपकरासह २९ टक्क्यांच्या घरात होत्या, त्या १८ वर आल्या. इलेक्ट्रिक मात्र पाचावरच राहिली. इलेक्ट्रिकला कुणी महाग केलं नाही, पण शेजारीण स्वस्त झाली. दोघींमधलं २४ टक्क्यांचं अंतर १३ वर आलं. मोठ्या गाड्यांना ४० टक्के दर असल्यानं तिथे अंतर अजून भरपूर आहे. म्हणून लहान गाडीच्या गिऱ्हाइकानं इलेक्ट्रिकचा हिशेब नव्यानं करायला हवा, मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकाला तो जुनाही चालेल.

आरटीओचं शून्यही कायमचं समजू नये. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. तेव्हा बीडचे पालकमंत्रीही तेच होते. महिना संपायच्या आत, २६ मार्चला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत हा कर लावणार नसल्याचं सांगितलं. शेजारच्या कर्नाटकानं मात्र २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के कर लावला. गाड्या वाढल्या की तिजोरीचं लक्ष जातंच.

कोटेशनमध्ये अजून एक ओळ असते, टीसीएस. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का गोळा करून आयकर खात्यात भरतो. बारा लाखांवर १२ हजार. इलेक्ट्रिक असली तरी सुटका नाही. पण हा खर्च नाही, आगाऊ भरलेला कर आहे. तुमच्या पॅनवर तो जमा दिसतो आणि विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्र न भरणाऱ्याचे ते बारा हजार मात्र सरकारकडेच पडून राहतात.

विम्याच्या रकान्यातही थोडा फरक आहे. २०२२ च्या दरपत्रकात इलेक्ट्रिक कारच्या थर्ड-पार्टी हप्त्याला १५ टक्के सूट दिली. एक हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर तिच्या तोडीच्या इलेक्ट्रिकला २,९०४. पाचशे रुपयांची गोष्ट. कुणी फार रंगवून सांगितली तर हसून सोडून द्यावी.

शेतकरी, गुरुजी आणि डॉक्टर

एकच गाडी, एकच दिवस, तीन गिऱ्हाइकं. समजा एक माजलगावचा बागायतदार, एक केजचे गुरुजी आणि एक अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई. तिघांनी बारा लाखांची तीच इलेक्ट्रिक गाडी घेतली. जीएसटीतला आणि आरटीओतला फायदा तिघांना सारखा. आयकराची पायरी आली की वाटा फुटतात.

बागायतदाराचं उत्पन्न उसाचं आणि सोयाबीनचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त. ज्या माणसाला आयकरच लागत नाही, त्याला आयकरातली सवलत म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची खोली सांगण्यासारखं. व्याजाची वजावट असो की गाडीच्या घटत्या किमतीचा घसारा, त्याच्यासाठी सगळ्याची किंमत शून्य. त्याला करण्यासारखी एकच गोष्ट आहे : एरवी भरत नसला तरी त्या वर्षीचं विवरणपत्र भरून टीसीएसचे १२ हजार परत मागायचे. पॅन दिला नसेल तर कापणी जास्त दरानं होते, म्हणून बुकिंगच्या वेळीच पॅन द्यावा.

गुरुजींचं उत्पन्न पगाराचं. एप्रिल २०२५ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे गुरुजी नव्या प्रणालीत असण्याचीच शक्यता जास्त. तिथे गाडीच्या व्याजाला जागा नाही. पगारदाराला स्वतःच्या गाडीवर घसाराही मिळत नाही. म्हणजे त्यांच्या आयकरात या गाडीनं काडीचा फरक पडत नाही. फक्त जे गुरुजी २०२२ मध्ये कर्ज काढून बसले आणि अजून जुन्या प्रणालीत आहेत, त्यांनी बँकेकडून व्याजाचा दाखला दरवर्षी न चुकता घ्यावा.

डॉक्टरीणबाईंचं चित्र वेगळं. गाडी व्यवसायासाठी वापरली तर तिचा घसारा खर्चात धरता येतो. साध्या मोटारीला घसाऱ्याचा दर १५ टक्के, इलेक्ट्रिक वाहनाला ४० टक्के. बारा लाखांवर पहिल्या वर्षी पेट्रोल गाडीचे १ लाख ८० हजार खर्चात जातात, इलेक्ट्रिकचे ४ लाख ८० हजार. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह पहिल्याच वर्षी करात सुमारे ९४ हजारांचा फरक. तीन वर्षांत पेट्रोल गाडी खात्यावर साडेसात लाखांच्या आत येते, इलेक्ट्रिक अडीच लाखांच्या जरा वर. आणि व्याजाच्या वजावटीसारखं हे नव्या प्रणालीत गायब होत नाही. घसारा दोन्हीकडे मिळतो.

पण यालाही तीन कुलपं आहेत. पहिलं, घरच्या वापराचा हिस्सा वगळावा लागतो. दवाखान्याची गाडी रविवारी कपिलधारला जात असेल तर तेवढा वाटा खर्चात नाही. दुसरं, बऱ्याच लहान व्यावसायिकांनी ढोबळ उत्पन्नाची योजना घेतलेली असते. जुन्या कायद्यातली कलमं ४४ एडी आणि ४४ एडीए, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर. त्या टक्क्यांत घसारा आलाच असं धरतात, वेगळा मिळत नाही. डॉक्टरीणबाई अशा योजनेत असतील तर त्यांची आणि गुरुजींची गत एकच. तिसरं, घसारा म्हणजे बक्षीस नव्हे, कर पुढे ढकलणं आहे. गाडी विकताना खात्यावरची किंमत कमी आणि आलेले पैसे जास्त, असं झालं की हिशेब परत फिरतो.

घसाऱ्याच्या नियमात एक मौज मात्र आहे. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर दर निम्मा. ३१ मार्चपासून मागे मोजलं तर सीमारेषा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी हार घालून गाडी वापरात आणली असेल तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. पूर्ण घसारा, ४ लाख ८० हजार. तीच गाडी दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला घेतली असेल तर निम्मा, २ लाख ४० हजार. आणि २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. मुहूर्त साधेल, १८० दिवस नाही साधणार. व्यावसायिकानं अशा वर्षी घटस्थापनेचीही वाट पाहू नये, गणपतीतच गाडी आणावी.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो : गाडीवर भरलेल्या पाच टक्क्यांचं क्रेडिट मिळेल का? साध्या प्रवासी कारवर सहसा नाही, इलेक्ट्रिक असली तरी. प्रवासी वाहतुकीचा धंदा, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांचीच विक्री असेल तर मिळतं.

भाड्याची गाडी

बीड जिल्ह्यातल्या घराघरातलं एक माणूस पुण्यात असतं. त्या माणसाच्या तोंडून हल्ली 'लीज' हा शब्द ऐकू येतो. पोरगं हिंजवडीतून फोनवर सांगतं, "बाबा, गाडी कंपनीकडून घेतोय. टॅक्स वाचतो." बाबांना कळत नाही की दुसऱ्याच्या गाडीनं आपला कर कसा वाचतो.

तो असा वाचतो. लीज कंपनी गाडी विकत घेते आणि नोकरी देणारी कंपनी ती भाड्यानं घेऊन कर्मचाऱ्याला वापरायला देते. भाडं कर्मचाऱ्याच्या पगारातूनच जातं, पण कर लागण्याआधी. समजा महिना २५ हजार भाडं. वर्षाचे तीन लाख करपात्र पगारातून बाहेर गेले. त्याऐवजी गाडीच्या सोयीची एक छोटी ठरलेली रक्कम पगारात धरली जाते. १९६२ च्या आयकर नियमांत ती १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये होती, त्यावरच्या इंजिनाला २,४००. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंजिनाशिवायची गाडी नव्हतीच, त्यामुळे इलेक्ट्रिकचे लिटर कसे मोजायचे यावर हिशेबनीसांनी बराच काथ्याकूट केला. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. म्हणून चालू वर्षाचा आकडा एचआरकडून लेखी घ्यावा. जुन्या १,८०० वरच हिशेब केला तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा वर्षाला सुमारे ८७ हजार कर वाचत होता. ही वजावट नसून सोयीचं मूल्यांकन असल्यानं नव्या करप्रणालीतही चालतं.

लीजवर इलेक्ट्रिक गाडी का शोभते, याचं खरं कारण पुन्हा आरटीओत सापडतं. महाराष्ट्रात पेट्रोल किंवा डिझेल कार कंपनीच्या नावावर घेतली की मोटार वाहन कर सरसकट २० टक्के. लीजची गाडी व्यक्तीच्या नावावर नसते, म्हणून हे २० टक्के भाड्यात मिसळतात. इलेक्ट्रिकला कंपनीच्या नावावरही माफी. शिवाय भाड्यावरचा जीएसटी गाडीच्याच दरानं लागतो, म्हणजे पेट्रोलला १८ किंवा ४०, इलेक्ट्रिकला ५. विकत घेताना जे अंतर दिसतं, ते लीजमध्ये आणखी रुंदावतं.

पण शेवटी गाडी तुमची नसते. मुदत संपल्यावर ठरलेल्या उरलेल्या किमतीला घ्यायची की परत द्यायची, ते तेव्हा ठरवायचं. मध्येच नोकरी सोडली तर काय, हे कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं, आणि ते पहिल्यांदा वाचावं. गुरुजींना ही वाट सहसा नसते. शाळा गाडी लीजवर देत नाही.

गाडी आपली आणि बॅटरी भाड्याची, हा अर्धा लीजही आता आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर अशी बाजारात आली : पूर्ण गाडी साडेतेरा लाखांची, बॅटरीशिवाय दहा लाखांच्या किंचित आत आणि वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटरला दोन्ही हिशेब जुळतात. शिवाय किंमत दहा लाखांच्या आत राहिली की टीसीएस नाही. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला लाख गाठायला आठ वर्षं लागतील. रोज केज ते बीड जा-ये करणारा त्याच्या निम्म्या वेळात गाठेल. दर महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचं भाडं बांधून घेतलं आहे, तेवढं विचारावं.

वाटेवरचा कर

गाडी दारात आल्यावरही कर संपत नाही. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क असतं, आणि बीडसारख्या जिल्ह्यात राज्याचा २५ टक्के व्हॅट व लिटरमागे अधिभार. घरच्या विजेवर जीएसटी नाही, १६ टक्के वीज शुल्क आहे. म्हणून रात्री अंगणात चार्ज होणारी गाडी करापुरती सगळ्यात स्वस्त. फक्त महावितरणच्या बिलात युनिट वाढले की वरचा टप्पा लागतो, हे धरून चालावं. हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर मात्र चार्जिंग ही सेवा ठरते आणि १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे गाडीवर पाच टक्के आणि तिच्या पोटात जाणाऱ्या विजेवर अठरा.

टोलची सवलत तर बीडकरांनी नकाशा घेऊनच समजून घ्यावी. नव्या धोरणात इलेक्ट्रिक कारला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तिघांवर पूर्ण टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. पण धुळे-सोलापूर हा आपला महामार्ग राष्ट्रीय. पाडळसिंगीच्या नाक्यावर हिरवी नंबरप्लेट पाहून कुणी दांडा वर करत नाही. फास्टॅगमधून पैसे जातात ते जातात. माफी लागते ती जालन्याजवळ समृद्धीवर चढल्यावर. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरला किंवा मुंबईला वरचेवर जाणाऱ्याला ही माफी मोलाची. परळी ते बीड करणाऱ्याला तिचा उपयोग बातमी वाचण्यापुरता.

पाच-सात वर्षांनी गाडी विकायची वेळ येईल, तेव्हाही एक भेद लक्षात ठेवावा. घरगुती माणसानं घरगुती माणसाला जुनी इलेक्ट्रिक गाडी विकली तर जीएसटी नाही. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं विकली तर त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के, हे डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेत ठरलं. नव्या गाडीचे पाच टक्के जुन्या गाडीला लागत नाहीत.

पेन आणि प्रिंट

हे सगळं एका ओळीत बांधायचं तर असं : सवलत गाडीला मिळत नाही, करदात्याला मिळते, आणि तीही तो जो कर भरतो त्याच करात. जीएसटी आणि वाहन कर प्रत्येक गिऱ्हाईक भरतं, म्हणून तिथली सवलत बागायतदारापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना पोचते. आयकर मोजकेच भरतात, म्हणून तिथली सवलत मोजक्यांचीच. टोल त्या रस्त्यानं जाणाराच भरतो. तेव्हा 'सवलत किती' हा दुसरा प्रश्न. 'मी कोणता कर भरतो' हा पहिला.

राहता राहिला कोपऱ्यातला तो दीड लाख. त्याचा निकाल शोरूममध्येच लावता येतो. सेल्समनला म्हणावं, "भाऊ, हे पेनानं नको, प्रिंटमध्ये द्या. वेगळ्या रकान्यात, वजा चिन्ह लावून, ऑन-रोड किमतीच्या वर." तो रकाना छापून आला आणि त्याच्याखालची बेरीज दीड लाखानं उतरली, तर ते दीड लाख तुमचे. "सर, ते नंतर येतात" असं उत्तर आलं, तर बँकेत हप्ता ठरवताना ते पैसे नाहीतच असं धरून कर्ज काढावं. आले तर दारापुढे चार्जरसाठी शेड घालता येईल.